आम्ही गोल फिरतो, काका सरळ जायचे

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी सोसायटीच्या गेटवर सायकलवरून उतरलो. घड्याळात १३४ किलोमीटर दिसत होते. मांड्या थरथरत होत्या, जर्सीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते आणि डोक्यात एकच गोष्ट होती: स्ट्राव्हावर अपलोड झालं की नाही. गेटवरच्या वॉचमन काकांनी छोटं गेट उघडून धरलं.

"कुठवर गेलता सर?"

"सासवड. मग दिवे घाट उतरून हडपसर, वाघोली, आळंदी, देहू."

"काही काम होतं का तिकडं?"

"काम नाही काका. सहज."

"सहज?" त्यांनी जरा विचार केला. "आन मग आले कुठं?"

"इथंच."

"म्हंजे निघाले तिथंच आले."

ते हसले, मीही हसलो. पुढचे दोन दिवस मी हा किस्सा ऑफिसात आणि आमच्या सायकल ग्रुपवर जोक म्हणून सांगितला. लोकांनी हसणाऱ्या इमोजी टाकल्या. जुलै उजाडेपर्यंत तो जोक राहिला नाही, म्हणून हा लेख.

काका मूळचे लातूर जिल्ह्यातले. वारज्यात भाड्याच्या खोलीत राहतात आणि आमच्या बाणेरच्या सोसायटीत सकाळी आठ ते रात्री आठ ड्यूटी करतात. वारजे ते बाणेर अकरा किलोमीटर, मधे चांदणी चौकाचा चढ. हे अंतर ते रोज काळ्या हिरो जेटवर जायचे-यायचे. कॅरिअरला डबा, हँडलला प्लॅस्टिकच्या पिशवीत रेनकोट. हेल्मेट नाही, लाईट नाही, गिअर नाहीत. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला बावीस किलोमीटर, म्हणजे आठवड्याला १३२. माझा तो फुशारकीचा रविवार काकांच्या एका साध्या आठवड्याएवढा होता. फरक इतकाच, की त्यांच्या किलोमीटरांना कुणी कुडोज देत नव्हतं.

आता मुद्द्याचं बोलतो, आणि ज्यांच्यासोबत मी दर रविवारी चहा पितो त्यांना ते आवडणार नाही. पुण्याभोवती आम्ही जो मोठा लूप मारतो, ज्याचे फोटो टाकतो, ज्याला 'पुण्याची सायकल संस्कृती परत येतेय' असं म्हणतो, तो लूप म्हणजे शहराला घातलेला वळसा आहे. शहरातून सायकल चालवणं आम्ही सोडून दिलंय, आणि त्या सोडून देण्याला आम्ही खेळ म्हणतो.

लूप कसा असतो ते सांगतो. बाणेरहून साडेचारला निघायचं. चांदणी चौक, वारजे, नवले पूल, कात्रज. कोंढव्याकडून बोपदेव घाट चढायचा. वर पोचेपर्यंत पूर्वेला तांबडं फुटतं, आणि तिथं दहा मिनिटं उभं राहून मागे वळून पाहिलं की अख्खं पुणे दिव्यांचं दिसतं. इथपर्यंत मी या शहरावर मनापासून प्रेम करतो. मग सासवडला चहा आणि मिसळ. दिवे घाट उतरायचा, तोच घाट जो ज्ञानोबांच्या पालखीबरोबर वारकरी पायी चढतात. तिथं ट्रकमागे ब्रेक दाबत दाबत हात आखडतात. हडपसर, मुंढवा, खराडी, वाघोली हा भाग नाक मुठीत धरून उरकायचा. लोहगाववरून आळंदी, इंद्रायणीवरचा फेस बघून हळहळायचं, मोशी, देहू, मग हिंजवडी आणि घर.

साडेचारला का निघायचं? थंड हवेसाठी, असं आम्ही सांगतो. खरं कारण वेगळं आहे. सातनंतर याच रस्त्यावर आम्हाला भीती वाटते. नवले पुलाच्या उतारावर २०२२ च्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी एकामागोमाग एक ४८ वाहनांना धडका बसल्या होत्या. त्या उतारावरून सकाळी साडेआठला सायकल घेऊन जायला आमच्या ग्रुपमधला कुणी तयार होणार नाही. एक लाखाची सायकल, दहा हजारांचं हेल्मेट आणि मागे लुकलुकणारा रडार लाईट असूनही नाही. म्हणून आम्ही शहर झोपलेलं असताना निघतो आणि शहर जागं झालं की त्याच्या बाहेर असतो.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक चूक वारंवार करतो. सगळं नीट चाललं तर प्रोग्रॅम कसा वागेल, तेवढंच तपासतो. त्याला हॅपी पाथ म्हणतात. रविवारी पहाटे पाचचा रस्ता हा हॅपी पाथ आहे. त्यावर चार तास फिरून 'पुण्यात सायकलिंग किती वाढलंय' असं म्हणणं म्हणजे आपल्या लॅपटॉपवर चाललं म्हणून कोड लाईव्ह टाकण्यासारखं आहे. लाईव्ह काय चालतं ते सोमवारी सकाळी साडेसातला चांदणी चौकात कळतं.

पहाटेच्या त्या रस्त्यावर आम्ही एकटे नसतो, ही गोष्ट मला फार उशिरा दिसली. रात्रपाळी संपवून परतणारे सिक्युरिटी गार्ड असतात. पेपरवाले असतात. वाघोलीच्या अलीकडे डोक्याला मफलर गुंडाळून, मागे थापी-ओळंब्याची पिशवी बांधून जाणारे गवंडी असतात. मोशीच्या बाजूला पहिल्या शिफ्टला निघालेले कामगार असतात. सगळे सायकलवर. समोरून लायक्रावाला आला की आम्ही हात वर करतो, ओळख नसली तरी. हा आमचा रिवाज आहे आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. या बाकीच्यांना मी पाच वर्षांत एकदाही हात केला नव्हता. ते सायकलवर आहेत हे मला दिसत होतं, पण ते सायकलिस्ट आहेत असं डोक्यात आलं नव्हतं. तो शब्द आम्ही स्वतःसाठी राखून ठेवलेला आहे.

आणि आम्ही मागतो काय? आमच्या ग्रुपवर गेल्या दोन वर्षांत ज्या मागण्या झाल्या त्या मी मागे जाऊन वाचल्या. टेकडीवर सायकलसाठी मातीची पायवाट. एखादा रस्ता रविवारी सकाळी दोन तास गाड्यांना बंद. घाटात चांगलं डांबर. शर्यतीसाठी परवानगी. सगळ्या मागण्या गोल फिरणाऱ्यांच्या. घरून निघून कुठेतरी पोचायचंय, वेळेत, कामाच्या कपड्यांत, अशा माणसाची एकही मागणी नाही.

या वर्षी जानेवारीत, १९ ते २३ तारखेला, पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयची २.२ श्रेणीची पाच दिवसांची शर्यत, ४३७ किलोमीटर, जगभरातले सायकलपटू. मी दोन दिवस सुट्टी काढून रस्त्याच्या कडेला उभा राहिलो आणि घसा बसेपर्यंत ओरडलो. ते पेलोटॉन अंगावरून वाऱ्यासारखं गेलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. त्या शर्यतीला माझा काडीचाही विरोध नाही. पण तिच्यासाठी नवं डांबर पडलं, रस्ते रिकामे झाले, बंदोबस्त लागला. म्हणजे सायकलसाठी रस्ता करता येतो. पैसा आहे, यंत्रणा आहे, तारीख पाळता येते. 'आपल्याकडे शक्य नाही' हे वाक्य निदान यापुढे कुणी माझ्यासमोर बोलू नये. पाच दिवस पाहुण्यांसाठी जे जमलं ते काकांच्या अकरा किलोमीटरांसाठी का जमत नाही, हा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नाही. आम्ही सेल्फी काढत होतो.

आता 'तिकडचं वेगळं' याबद्दल. करोनानंतर कंपनीने मला नऊ महिने ऑनसाईट पाठवलं होतं, व्हर्जिनियातल्या हर्नडनला, वॉशिंग्टनच्या पश्चिमेला. एका तेलुगू सहकाऱ्याकडून जुनी सायकल विकत घेतली आणि पहिल्याच महिन्यात तिथला लूप मारला. हर्नडनच्या जुन्या रेल्वे स्टेशनशेजारून डब्ल्यू अँड ओडी ट्रेल जाते. गुळगुळीत डांबर, साधारण तीन मीटर रुंद, गाड्यांना बंदी. रेस्टन, व्हिएन्ना, फॉल्स चर्च करत आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनला ती संपते. तिथून फोर माईल रन नावाच्या ओढ्याच्या काठाने पोटोमॅक नदीवर, विमानतळाच्या कुंपणाला लागून माउंट व्हर्नन ट्रेलने उत्तरेला. विमानं इतकी खालून उतरतात की नकळत मान आत जाते. मग रॉझलिनहून हायवेच्या बाजूच्या कस्टिस ट्रेलने वर चढून परत पहिल्या ट्रेलला आणि घर. पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरात मला गाड्यांच्या बरोबरीनं जवळजवळ चालवावं लागलं नाही.

परत आल्यावर मी ते फोटो दाखवून वर्षभर हळहळत होतो, जसे परदेशातून आलेले सगळे हळहळतात. हळहळताना मुख्य गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. तो लूप कुणी लूप म्हणून बांधलेला नाही. डब्ल्यू अँड ओडी ही रेल्वेलाईन होती. १९६८ मध्ये ती बंद पडली, जमीन वीज कंपनीकडे गेली, तिच्याकडून प्रादेशिक उद्यान प्राधिकरणाने ती टप्प्याटप्प्याने घेतली आणि १९८८ पर्यंत पर्सेलव्हिलपर्यंतची ४५ मैलांची ट्रेल पुरी झाली. रेल्वे ही रेषा असते. जिथं माणसं राहतात तिथून जिथं काम असतं तिथं जाते. कस्टिस ट्रेल हायवेसोबत जाते, ती पण रेषा. नदीकाठ, तीही रेषा. या रेषा एकमेकींना भेटल्या म्हणून रविवारी माझ्यासारख्याला गोल फिरता आलं. सोमवारी त्याच ट्रेलवर पाठीला लॅपटॉप लावलेली माणसं ऑफिसला जाताना दिसायची. आधी रेषा, मग वर्तुळ. आम्ही पुण्यात थेट वर्तुळ काढायला बसलोय.

आणि तिथं सगळं आपोआप झालं, असंही नाही. रॉझलिनहून पूल ओलांडला की जॉर्जटाउनमध्ये चेसापीक अँड ओहायो कालवा सुरू होतो. होड्या ओढणाऱ्या खेचरांसाठी त्याच्या काठाने वाट होती, १८४.५ मैलांची. कालवा बंद पडल्यावर त्या जागेवर मोटारींसाठी पार्कवे करायचं ठरत होतं आणि वॉशिंग्टन पोस्टने त्याच्या बाजूने अग्रलेख लिहिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून आव्हान दिलं: माझ्याबरोबर हा कालवा चालून बघा. मार्च १९५४ मध्ये ते खरोखर चालले. आठ दिवस. निघताना बरेच जण होते, शेवटपर्यंत सगळं अंतर चाललेले नऊ. वर्तमानपत्राने आपलं मत बदललं, पार्कवे झाला नाही आणि १९७१ मध्ये तो कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. म्हणजे तिथंही आधी रस्ताच हवा होता. कुणीतरी ज्याला त्या जागेची गरज होती तो लोकांना हाताला धरून तिथं घेऊन गेला.

तिथं सगळं गोड होतं असं सांगितलं तर तेही खोटं होईल. रात्री दहाला हर्नडनच्या रेस्टॉरंटांची किचनं बंद व्हायची तेव्हा भांडी घासणारी मुलं सायकली घेऊन बाहेर पडायची आणि मोठ्या रस्त्याच्या फुटपाथवरून, अंधारात, ट्रेलच्या उलट दिशेला जायची. त्यांची घरं ट्रेलवर नव्हती. ट्रेलशेजारच्या घरांची भाडी मला कंपनी देत होती म्हणून परवडत होती. कुठल्या वस्तीतून रेषा जाते हा प्रश्न तिथंही सुटलेला नाही.

आपल्याकडे रेषा काढल्याच नाहीत, असंही नाही. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली तेव्हा सोबत सायकल ट्रॅक होते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणाने सांगितलं होतं की वाहनं नाही, माणसं हलवायचा विचार करा. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमाराला रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली आल्या, रुपया-दोन रुपयांत फिरल्या, मग नाल्यात आणि झाडांवर सापडल्या आणि गेल्या. आता जे ट्रॅक उरलेत ते तुम्ही पाहिलेच असतील. फुटपाथच्या एका कडेला लाल पेव्हर ब्लॉक, शंभर मीटरवर डीपीचा डबा, पुढे झाड, पुढे भाजीची गाडी, पुढे लावलेल्या दुचाकी आणि शेवटी ट्रॅक बसस्टॉपच्या पाठीत जाऊन संपतो. मग कुणी एक अधिकारी किंवा माझा एखादा काका विचारतो, 'बांधले तर वापरतंय कोण?' इंजिनिअरिंगला पाठ केलेलं बहुतेक सगळं मी विसरलोय, पण ग्राफ थिअरीतली एक गोष्ट आठवते: मधली एक एज काढली की दोन्ही बाजूंचे नोड कितीही चांगले असले तरी एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. ऐंशी टक्के पूर्ण झालेल्या पुलावरून ऐंशी टक्के लोक जात नाहीत.

पुण्याच्या पोटातून एक तयार रेषा जाते आणि तिचं नाव सायकलवाल्यांच्या तोंडी क्वचितच येतं. मुठा उजवा कालवा. खडकवासल्याहून निघतो, पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटच्या बाजूने हडपसरला आणि पुढे दौंड-इंदापूरकडे. कालवा असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. पश्चिमेच्या वस्त्यांतून पूर्वेच्या कामांकडे जाणारी अशी सपाट वाट नव्याने आखायची म्हटली तर कुठल्याही प्लॅनरला जमणार नाही. पण कालव्याच्या कडेलाच शहरातल्या कितीतरी गरीब वस्त्या आहेत. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटली तेव्हा पाणी खालच्या वस्तीतल्या घरांमधून गेलं. त्यामुळे उद्या कुणी 'कालव्यावर सुंदर सायकल ट्रॅक' असं चित्र काढून आणलं तर मी पहिला प्रश्न हा विचारेन की घरं कुणाची पाडणार. जी माणसं आज खरोखर सायकल चालवतात त्यांनाच उठवून आमच्यासाठी रविवारची वाट करायची असेल तर तो ट्रॅक नको. काठावर राहणाऱ्यांना धरून, त्यांच्या दारातून कामावर जाणारी वाट करता येत असेल तर ती हवी, आणि तिच्यासाठी आम्ही लायक्रावाल्यांनी आमचं सगळं वजन टाकावं.

'पुण्यात आता सायकल चालवतं कोण' याचं उत्तर मी जनगणनेत शोधलं. २०११ मध्ये शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के सायकलने कामावर जात होते, स्कूटर-मोटरसायकलने जाणाऱ्यांपेक्षा किंचित जास्तच. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही. तेव्हा 'आता कुणी चालवत नाही' हे जे आपण ठामपणे म्हणतो, ते आपल्या बाल्कनीतून दिसतं तेवढ्यावर म्हणतो. जुन्या पुण्याचे सायकलींनी भरलेल्या रस्त्याचे काळे-पांढरे फोटो फॉरवर्ड करणारे आजोबा आणि त्याखाली बदाम टाकणारे आम्ही, दोघंही त्याच बाल्कनीत उभे आहोत.

जुलैत काका सलग तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी कळलं. पाऊस होता, वारज्याच्या बाजूला सर्व्हिस रोडवर पाणी साचलेलं, खड्डा दिसेना म्हणून ते जरा मधून चालले होते, आणि मागून आलेल्या टेम्पोचा आरसा खांद्याला लागला. मनगट मोडलं. टेम्पो थांबला नाही. सहा आठवडे काम नाही, आणि गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीचा नियम असा की काम नाही तर पगार नाही. सोसायटीत आम्ही अकरा हजार जमवले आणि आम्हाला स्वतःबद्दल बरं वाटलं.

सप्टेंबरात काका परत आले ते जुन्या ॲक्टिव्हावर. पस्तीस हजारांची, मेव्हण्याच्या ओळखीने, महिन्याला चोवीसशे हप्ता, वर पेट्रोल. पगार साडेचौदा हजार. मी हिशेब करत होतो, त्यांनी आधीच केलेला होता.

"परवडतंय का काका?"

"नाही परवडत. पण घरची म्हणली, सायकलवर जायचं तर गावाकडं चला परत."

पुण्यातली एक सायकल कमी झाली आणि एक दुचाकी वाढली, आणि हे काही कुणाच्या आळसामुळे किंवा ऐपत वाढल्यामुळे झालं नाही. हप्ता भरून विकत घेतलेली ती थोडीशी सुरक्षितता आहे. शहरात दुचाकी का वाढतात याची लांबलचक कारणं आपण वाचतो, त्यात 'बायको रडली' हे कारण मला कधी दिसलं नाही.

हिरो जेट पार्किंगच्या कोपऱ्यात पडून होती. शर्यतीचा उत्साह ओसरल्यावर, या फेब्रुवारीत, मी काकांना म्हटलं की एक दिवस तुमची सायकल द्या, तुमच्या रस्त्याने जाऊन बघतो. "चेन घालायला लागंल तेल," म्हणाले. मग थोड्या वेळाने: "पुलाखालून उलट्या बाजूनं नका येऊ. मी यायचो, पण तुम्ही नका."

सोमवारी पहाटे मी ती सायकल चालवत वारज्याला गेलो, चहा प्यायलो आणि सात वाजता, काका निघायचे त्या वेळी, परत निघालो. हेल्मेट मुद्दाम घातलं. ते न घालण्याएवढा मी शूर नाही.

पहिला धडा: वीस किलोच्या, एका गिअरच्या सायकलवर चढात उभं राहून पायडल मारावं लागतं, आणि उभं राहिलं की सायकल डोलते. माझ्या हलक्या सायकलवर मी रस्त्याची एक वीत जागा घेतो, या सायकलवर मला दोन हात लागत होते. मागच्या गाड्यांना ते मान्य नव्हतं. सर्व्हिस रोड सलग नाही. तो मधेच संपतो तिथं सायकलवाल्यापुढे दोन पर्याय असतात, हायवेवर चढायचं किंवा उलट दिशेने घुसायचं. 'हे लोक राँग साईडने येतात' म्हणून मी कारमधून किती वेळा वैतागलोय! उलट दिशेने जाणाऱ्याला निदान समोरून येणारं मरण दिसतं, एवढा साधा हिशेब आहे त्यात.

चांदणी चौकात २०२२ च्या ऑक्टोबरात जुना पूल स्फोटकं लावून पाडला तेव्हा अख्खं पुणे टीव्हीसमोर बसलं होतं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नव्या पुलांचं उद्घाटन झालं. वर-खाली, आडवेतिडवे रॅम्प. गुगल मॅपवर बघितलं तर भरतकामासारखं दिसतं. मी त्यात हिरो जेट घेऊन उभा होतो आणि कुठल्या फाट्याला लागायचं ते मला कळेना, कारण प्रत्येक फाट्यावर डावीकडून वेगात एक प्रवाह येऊन मिसळत होता आणि मला सरळ जायचं होतं. सायकलवरून सरळ जाणारा माणूस त्या चित्रात कुठेच नव्हता. एका बसने इतक्या जवळून हवा दिली की मी उतरलो आणि सायकल हातात धरून कडेने चालायला लागलो. अजून तिघे चालत होते, त्यातले दोघे सायकल धरून. एकाने माझ्याकडे, मग हेल्मेटकडे, मग सायकलकडे बघितलं.

"नवीन आहे का?" त्याने विचारलं.

"हो," म्हटलं.

"पुढं कठड्याला चिकटून चला. तिथनं ट्रक आतल्या अंगाला येतो."

अकरा किलोमीटरला मला अठ्ठावन्न मिनिटं लागली. त्यातली चौदा मिनिटं पायी. बोपदेव, दिवे, १३४ किलोमीटर, सगळं मिळून मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. गेटवर काका ॲक्टिव्हा लावत होते. माझा चेहरा बघून काही बोलले नाहीत, फक्त सायकल हातातून घेऊन कोपऱ्यात लावून आले.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं. येत्या सोमवारी सकाळी सात वाजता वारज्यात भेटायचं. साध्या कपड्यांत. हळू, बाणेरपर्यंत. सर्व्हिस रोड कुठे तुटतो, कुठे उतरावं लागतं, कुठे किती मिनिटं थांबावं लागतं, सगळं मोबाईलवर टिपायचं आणि ते घेऊन वॉर्ड ऑफिसला आणि हायवेवाल्यांकडे जायचं. डांबर नाही, शर्यत नाही, ही एक रेषा मागायची, सलग. दुसऱ्या सोमवारी कालव्याच्या बाजूला जायचं, तिथल्या लोकांना विचारायला की त्यांना काय हवंय.

ग्रुपमध्ये २१४ जण आहेत. अकरा जणांनी अंगठा दाखवला. दोघांनी 'ग्रेट इनिशिएटिव्ह ब्रो' लिहिलं. त्याखाली लगेच रविवारच्या लोणावळा राईडचं पोस्टर आलं आणि माझा मेसेज वर सरकला. पंधरा मिनिटांनी आमच्यातल्या सगळ्यात फास्ट रायडरने, ज्याच्या मागे वाऱ्यात लपून मी शेकडो किलोमीटर गेलोय, मला वेगळा मेसेज केला.

"आयडिया भारी आहे रे. पण सोमवारी सात? रविवारी पहाटे नाही का ठेवता येणार? तेव्हा रस्ता रिकामा असतो."